युजर रिसर्च शिकताय? निदान या चुका तरी टाळा

आंब्याचा हंगाम जवळ आला की पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी बागायतदारांसाठी नाहीतर मच्छीमारांसाठी अ‍ॅप बनवायला कोकणात उतरतं. आधी युजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्याशी बोलून, त्याचं काम बघून त्याला नेमकं काय हवं ते समजून घेणं. पोरं हुशार असतात, प्रश्नावली चकचकीत असते, आणि चुका मात्र त्याच त्या.

"तुम्हाला हे आवडेल का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. कोकणी माणूस कितीही तिरकस असला तरी आपल्या पडवीत बसून कोकम सरबत पिणाऱ्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवत नाही. नावं ठेवतो, पण तुम्ही गेल्यावर.

देवगडजवळच्या एका वाडीत अशाच एका टीमबरोबर गेले होते. वाशी मार्केटचा आंब्याचा भाव रोज मोबाइलवर दाखवायचा, ही त्यांची कल्पना. मुलाखत घेणारा मुलगा प्रत्येक घरी विचारायचा, "भाव आधीच कळला तर तुमचा फायदा होईल ना?" होईल ना! या 'ना'तच उत्तर भरलेलं. घरोघरी "होयतर, बराच आसा" ऐकून स्वारी खूश. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात अ‍ॅपचे स्क्रीनही तयार झाले होते.

पुढच्या घरी मी मध्ये पडले. म्हटलं, "काका, शेवटची पट्टी कधी आली? बघायला मिळेल?" काकांनी आतून प्लास्टिकची पिशवी आणली, त्यात दलालाकडून आलेल्या हिशोबाच्या पट्ट्या घड्या घालून ठेवलेल्या. पेट्या, भाव, गाडीभाडं, हमाली, आणि खाली एका आकड्याभोवती पेन्सिलीने दोनदा गोल केलेला. तो आकडा उचलीचा. फवारणीच्या खर्चासाठी हंगामाआधीच दलालाकडून पैसे घेतलेले, त्यामुळे माल त्याच्याकडेच जाणार. काका म्हणाले, "भाव कळलो म्हणान काय माल दुसऱ्याक घालूक गावता?"

अ‍ॅपची कल्पना तिथेच बारगळली. काकांना हवा होता उचलीचा हिशोब: किती फिटली, किती राहिली, खराब माल म्हणून किती पेट्या कापल्या. हे सगळं पिशवीत होतं, प्रश्नावलीत कुठेच नव्हतं.

माझी सवय सांगते. प्रश्न लिहून झाले की 'जर', 'तर', 'आवडेल', 'वापराल' असलेले सगळे खोडते. उरतात ते 'शेवटचं कधी केलंत', 'मग काय झालं' आणि 'दाखवाल का' या जातीचे. वही, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज, जे असेल ते बघायला मागते. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसते. नवशिक्यांना हे गप्प बसणंच जमत नाही. दोन सेकंद शांतता झाली की स्वतःच पर्याय सुचवायला लागतात.

भलत्याच माणसाशी बोलणं

सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस मुंबईत, बाग कराराने दुसऱ्याकडे, राखणीला नेपाळी गडी, आणि पेट्यांची मोजणी वहीत लिहिते घरातली सून. यातला 'युजर' कोण? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकून माणसं जमवलीत तर पहिला हात मुंबईवाला वर करणार, कारण त्याच्याकडे वेळ आहे.

मासेमारीतही तेच. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळू शकेल याचे अंदाज देतं. ते वापरतात का, हे बंदरावर नौकामालकाला विचारलंत तर "हो, येतात मेसेज" म्हणेल. जाळं कुठे टाकायचं ते मात्र तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, ठरवतो, तेही मोबाइलची रेंज संपल्यावर. त्याच्याशी न बोलता परत आलात तर अर्धीच गोष्ट घेऊन आलात.

वेळ न बघता जाणं

एप्रिल-मे महिन्यात पेट्या भरायच्या गडबडीत तासभर मुलाखत मागू नका. कोपऱ्यात बसून बघा, हाताखाली गवत पसरायला मदत करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी विणत बसलेली माणसं निवांत बोलतात, पण आठवणीतून. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्यावर पुन्हा जा आणि हर्णै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव उभं राहून बघा. जूनमध्ये ऐकलेलं आणि तिथे दिसलेलं जिथे जुळत नाही, तिथेच तुमचं काम आहे.

"पाच लोक पुरतात"

वापरायला सोप्या डिझाइनचा तज्ज्ञ जेकब नील्सन याचा २००० सालचा तो पाचाचा आकडा तयार डिझाइन वापरून बघण्याच्या चाचणीचा आहे. लोक कसे जगतात, पैसे कसे फिरवतात हे समजून घेण्याचा नाही. शॉर्टकट म्हणून तो तोंडावर फेकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

नोंदी एआयवर सोपवणं

मालवणीतलं बोलणं मशीनला देऊन मिळालेला गुळगुळीत सारांश वाचून 'थीम', म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे, काढणारे वाढलेत. रेकॉर्डिंग जरूर करा, आधी विचारून. पण त्याच संध्याकाळी वही उघडा. माझ्या वहीत डाव्या पानावर त्यांचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर मला काय वाटलं ते. डावं पान रिकामं आणि उजवं भरगच्च दिसलं, की दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत जाते.

मानधन शेवटी देणं

आधी द्या. पाकीट तुमच्या हातात असेपर्यंत समोरचा माणूस तुम्हाला हवं तेच बोलणार.