गोंगाट, गलका की गदारोळ? या चुका टाळा

‘वर्गात खूप गोंधळ होता.’ मुले ओरडत होती, की वेळापत्रक चुकले होते? वाक्यातून कळत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका याच शब्दापाशी होतात. गोंधळात आवाज असतोच असे नाही. दोन फायलींची अदलाबदल झाली तरी गोंधळ होतो, तोही अगदी शांततेत. क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. गोंधळ उडतो तो बहुधा डोक्यात. गोंधळ घालतात तेव्हा इतरांना त्रास होतो. आणि लग्नानंतर घरी घालतात तो देवीचा गोंधळ म्हणजे संबळ-तुणतुण्याच्या साथीने होणारा कुलाचार. त्यामुळे ‘लग्नघरी पाहुण्यांनी गोंधळ घातला’ असे मोघम लिहू नये. दंगामस्ती सांगायची असेल तर ‘धिंगाणा घातला’ म्हणावे.

आवाजच सांगायचा असेल तर तो कोणाचा, हे आधी ठरवा. गलका माणसांच्या किंवा पाखरांच्या कंठातून उठतो. ‘यंत्रांचा गलका’ चुकीचा, तिथे खडखडाट किंवा घरघर हवी. गोंगाट वाहनांचाही चालतो, पण त्यात नकोसेपणा असतो. म्हणून ‘बाजारातला गोंगाट मनाला सुखावत होता’ हे वाक्य खटकते. तिथे ‘गजबज’ लिहा; या शब्दात तक्रार नाही, आणि तो स्त्रीलिंगी आहे. गदारोळाला वाद किंवा विरोध लागतो. सभागृहात गदारोळ माजतो, वाढदिवसाला नाही.

‘गडबड’ जपून वापरा. मुलांना ‘गडबड करू नका’ म्हटले की आवाज थांबतो. सही करणाऱ्याला म्हटले तर त्याचा अर्थ घाई करू नका, आणि ‘हिशेबात गडबड आहे’ म्हटले की संशय.

‘कल्लोळ’ नेहमी वाईटच, हाही गैरसमज. मूळ संस्कृत ‘कल्लोल’ म्हणजे मोठी लाट, त्यामुळे आनंदाचाही कल्लोळ होतो. हलकल्लोळ मात्र धक्क्याचा किंवा घबराटीचा.

लिहिताना ‘कोल्हाहल’ फार दिसते. शुद्ध रूप ‘कोलाहल’, कोल्ह्याशी त्याचा संबंध नाही. सामान्यरूपही तपासा: गलकामुळे, धिंगाणात, गलबलात ही रूपे चूक, गलक्यामुळे, धिंगाण्यात, गलबल्यात बरोबर. ‘आरडाओरडा’ आणि ‘आरडाओरड’ दोन्ही चालतात, फक्त लिंग सांभाळा: आरडाओरडा केला, आरडाओरड केली.