बोअर मोजण्याआधी जॉबला हात लावून बघा

डिप्लोमा करून क्वालिटीत नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. लीस्ट काउंट, टॉलरन्स तुम्हाला येतंच. मी अडकलो तापमानात, म्हणून तेवढंच सविस्तर सांगतो.

भोसरीतली छोटी कंपनी, मे महिना, सेकंड शिफ्ट. ॲल्युमिनियम हाउसिंग, ५० मिमीचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, एच-सिक्स. म्हणजे ५० च्या वर शून्य ते अधिक १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) एवढंच चालतं, बस. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, हाताला कोमट लागत होता. एसी रूममधल्या स्टीलच्या मास्टर रिंगवर (नेमक्या मापाची कडी) बोअर गेज झिरो केला, जॉबमध्ये घातला, काटा अधिक २० वर. दुसरा, तिसरा, तेच. मी ऑपरेटरला सांगितलं, मामा, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) १२ मायक्रॉनने कमी करा. त्यांनी केला. रीडिंग ८ वर आलं आणि मी खुशीत सह्या केल्या.

सकाळी तेच जॉब रूममध्ये थंड झालेले. काटा उणे ९ वर. पूर्ण शिफ्टचा माल अंडरसाइज.

हिशोब साधा आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. २० ऐवजी ३५ अंशांवर ५० मिमीचं बोअर १७ मायक्रॉननं मोठं दिसतं. अख्खी टॉलरन्स १६ ची! ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचंच धरायचं, हे १९३१ पासून जगभर ठरलेलं आहे. ड्रॉइंगवर ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, म्हणून नवा माणूस फसतो.

मला शिकवणारे काका म्हणायचे, तापमानाचं काही मनावर घेऊ नकोस, तीस वर्षं असंच मोजतोय. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी आयुष्यभर स्टीलचा जॉब स्टीलच्या मास्टरनं, शेजारी-शेजारी ठेवून मोजला. दोन्ही सारखेच तापतात, सारखेच वाढतात, चूक कटून जाते. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट वाढतं, तिथे दोन्ही सारखे तापले तरी चूक उरतेच. अनुभवी माणसाचं ऐकाच, पण तो कुठल्या धातूवर शिकला ते आधी विचारा.

जॉब धुवा, पुसा, रूममध्ये ग्रॅनाइटच्या टेबलावर मास्टरशेजारी ठेवा आणि थांबा. जाड ओतीव जॉबला आमच्याकडे काही तास लागतात. प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहतील, राहू द्या. लेझरवाली टेंपरेचर गन चकचकीत ॲल्युमिनियमवर कमी दाखवते, तिच्यावर सही करू नका, टेकवून मोजणारा थर्मामीटर घ्या. १०० मिमीची स्लिप गेज (नेमक्या लांबीचा स्टीलचा ठोकळा) उघड्या हातात धरून एक अंश तापली तरी मायक्रॉनभर वाढते, म्हणून हातमोजे आणि चिमटा. मोबाइलवरच्या करेक्शन ॲपचा मला राग आहे: जॉब आतून किती तापलाय हेच माहीत नसेल तर ते ॲप कसली दुरुस्ती करणार?

घाबरू मात्र नका. माझं बोअर कमी पडलं होतं, म्हणून रीवर्क झालं. दोन शिफ्ट मामांच्या मशीनशेजारी उभा राहून मी एकेक जॉब पुन्हा लावला. उलट झालं असतं, तर सगळं भंगारात गेलं असतं. आजही मशीनवरून आलेला जॉब मी आधी तळहातावर घेतो, कोमट लागला की खाली ठेवतो आणि घड्याळ बघतो.