ॲस्परॅगसचा हंगाम: महाशिवरात्र ते रामनवमी

दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांनी द्राक्षबागेच्या कडेला किंवा भाजीपाल्याच्या तुकड्यात ॲस्परॅगसची काही गुंठे लागवड केली आहे, त्यांच्यासाठी हा हंगामपूर्व सल्ला आहे. फुलांच्या गुच्छात हिरवाई म्हणून वापरले जाणारे ॲस्परॅगस वेगळे, औषधासाठी जिची मुळे काढतात ती शतावरी वेगळी आणि जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब भाजी म्हणून खाल्ले जातात ते ॲस्परॅगस वेगळे. तिन्ही एकाच कुळातील असली तरी त्यांची लागवड आणि काढणी एकसारखी नाही. त्यामुळे रोपे किंवा गड्डे (मुळांसह जमिनीत राहणारा, कोंब फुटणारा भाग) घेताना खाण्याचीच जात मिळत असल्याची खात्री करून घ्यावी.

या पिकात कोंब कसे काढायचे हे दोन दिवसांत शिकता येते. काढणी कोणत्या दिवशी थांबवायची, हे ठरवणे मात्र फार कमी जणांना जमते. जर्मनीत श्वेत्सिंगेन आणि बर्लिनजवळचे बेलित्स हे भाग या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे एप्रिलच्या मध्यास हंगाम सुरू होताच गावोगावी त्याचा उत्सव होतो, हॉटेलांतून खास जेवणे होतात, रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ताजे कोंब विकले जातात आणि २४ जूनला, म्हणजे संत योहानाच्या दिवशी, परंपरेने काढणी बंद होते. इंग्लंडमधील इव्हशॅमच्या खोऱ्यातही २३ एप्रिल ते २१ जून असा काळ परंपरेने मानला जातो. शेवटचा दिवस ठरलेला असल्यामुळे लोक त्या हंगामाची वाट पाहतात आणि गड्ड्यालाही पुढच्या वर्षाची तयारी करायला वेळ मिळतो.

यामागचे कारण द्राक्ष उत्पादकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. माल उतरल्यावर वेलीला विश्रांती दिली नाही आणि खरड छाटणीनंतर पाने नीट पोसली नाहीत, तर पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात, हे त्याने पाहिलेले असते. ॲस्परॅगसचा प्रत्येक कोंब मांसल मुळांत साठलेल्या अन्नावर वाढतो. तो साठा पुन्हा भरण्याचे काम न तोडलेल्या कोंबांपासून तयार होणारी झुपकेदार पालवी करते. भाव चांगला मिळतो म्हणून आणखी पंधरा दिवस तोडत राहिल्यास पुढच्या वर्षी कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी गड्डेच मरू लागतात.

थंड देशांत हिमामुळे पिकाला आपोआप विश्रांती मिळते. आपल्याकडे निफाडचा पारा कधी पाच अंशांच्या खाली उतरत असला, तरी कडाक्याची थंडी थोडेच दिवस टिकते आणि पालवी पूर्ण सुकत नाही. म्हणून पेरूसारख्या उबदार देशांत करतात त्याप्रमाणे पाणी तोडून पिकाला विश्रांती द्यावी लागते. डिसेंबरच्या मध्यापासून ठिबकचे पाणी हळूहळू कमी करावे आणि पुढे तीन ते चार आठवडे बंद ठेवावे. पालवी पिवळी पडू लागली की तिच्यातील अन्न मुळांकडे उतरत आहे असे समजावे. ती हिरवी असतानाच कापण्याची घाई करू नये. पूर्ण पिवळी झाल्यावर जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यावी, कारण तांबेरा आणि खोडावरील करपा यांची बुरशी त्याच काड्यांवर टिकून राहते. त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत पसरून वरची माती हलक्या हाताने मोकळी करावी आणि पुन्हा पाणी सुरू करावे. बहुतेक बागांत यानंतर दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात.

आपल्या भागासाठी मी तिथींवर बांधलेला हंगाम सुचवतो, कारण त्या तिथी घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतात. लागवडीच्या पहिल्या वर्षी एकही कोंब तोडू नये. दुसऱ्या वर्षी महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, काढणी करावी. तिसऱ्या वर्षापासून महाशिवरात्र ते रामनवमी असे साधारण चाळीस दिवस घ्यावेत. मध्ये अधिक मास आला तर तिथी सोडून दिवस मोजावेत. मात्र ठरलेल्या दिवसाआधीच अर्ध्याहून अधिक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक निघू लागले, तर त्याच दिवशी काढणी बंद करावी. तैवान आणि थायलंडमध्ये प्रत्येक गड्ड्यावर चार-पाच काड्या पालवीसाठी राखून नवे कोंब अनेक महिने काढत राहतात. ती पद्धत उपयुक्त आहे, पण नव्या शेतकऱ्याने पहिली काही वर्षे तिच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पावसाळ्यात राखलेल्या काड्या निरोगी ठेवणे हे मोठे जिकिरीचे काम आहे.

काढणी रोज, सूर्य वर येण्यापूर्वी करावी. कोंब साधारण वीतभर उंच झाला, त्याचे टोक घट्ट मिटलेले असले, की तो जमिनीलगत धारदार सुरीने कापावा आणि शेजारच्या उमलत्या कोंबांना सुरीचा धक्का लागू देऊ नये. मार्चच्या अखेरीस ऊन वाढले की कोंब एका दिवसात काही इंच वाढतो, टोक उमलते आणि तो जून होऊन चोथट लागतो, म्हणून अशा दिवसांत संध्याकाळी दुसरी फेरी घ्यावी. येथे मजुरांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, कारण हेच दिवस द्राक्षांच्या काढणीचे आहेत आणि बागेत गेलेला मजूर दोन तासांच्या कामासाठी परत येणार नाही. घरच्या माणसांच्या हातून सकाळी जेवढे उरकेल तेवढेच क्षेत्र ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तोडलेला कोंबही श्वास घेतच असतो आणि तो वेग इतर बहुतेक भाज्यांपेक्षा जास्त असतो. सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेले क्रेट तासाभरात पॅकिंगच्या जागी आणावेत, कोंब बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून थंड करावेत, निथळावेत आणि जाडीनुसार पाव किंवा अर्धा किलोच्या जुड्या बांधाव्यात. जुड्या उभ्याच ठेवाव्यात, बुंध्याला ओलसर कापड किंवा कागद असावा. आडव्या ठेवल्यास टोके वरच्या दिशेने वाकतात आणि माल नाकारला जातो. साठवणीसाठी शून्य ते दोन अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते. शेजारच्या द्राक्ष पॅकहाउसचे शीतगृह सोयीचे वाटेल, पण द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या ग्रेप गार्ड या कागदी पॅडमधून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो इतर भाजीपाल्याला इजा करतो. म्हणून वेगळी खोली मिळत असेल तरच तेथे माल ठेवावा. पिकलेली केळी, आंबे किंवा टोमॅटो यांच्यासोबतही तो ठेवू नये, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीनमुळे कोंब लवकर जून होतात.

हे कोंब जसेच्या तसे खाल्ले जातात, म्हणून फवारणीबाबत कसूर चालणार नाही. द्राक्षासाठी शिफारस असलेले औषध या पिकाला चालते असे गृहीत धरू नये. लेबलवर पिकाचे नाव आहे का ते पाहावे आणि शंका असल्यास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. उशिरा छाटलेल्या शेजारच्या बागेत फवारणी होणार असेल, तर त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून त्याच्या फवारणीपूर्वी तोडा उरकून घ्यावा. फुलकिडे आणि कोंब कुरतडणाऱ्या अळीसाठी रोज टोके तपासावीत.

बाजार समितीच्या लिलावात या मालाला नियमित गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर लागवड वाढवू नये. मुंबई-पुण्यातील हॉटेले किंवा शहरातील नियमित घरगुती ग्राहक हंगामाआधीच पक्के करावेत. हिवाळ्यात हुरड्यासाठी आणि पुढे वाइनरी पाहण्यासाठी नाशिकच्या शिवारात लोक आवडीने येतात. त्यांनाच महाशिवरात्रीनंतरच्या एखाद्या रविवारी बांधावर बोलवावे, स्वतःच्या हाताने कोंब तोडू द्यावेत आणि तव्यावर तूप, जिरे व लसणाच्या फोडणीत तीन-चार मिनिटे परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावेत. ताज्या कोंबाची गोडी एकदा कळलेला ग्राहक पुढच्या वर्षी स्वतः फोन करतो. हा माल रामनवमीपर्यंतच मिळेल, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

पांढऱ्या कोंबांबद्दलही विचारणा होते. ते त्याच झाडाचे असतात. मातीची उंच भर घालून उजेड लागू न दिल्यामुळे ते पांढरे राहतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत अशी भर घट्ट बसते आणि कोंब वाकडे निघतात, म्हणून हिरव्या कोंबांवरच समाधान मानावे.

रामनवमीनंतर येणारे सर्व कोंब वाढू द्यावेत. त्या आठवड्यात खताचा हप्ता द्यावा आणि ओळींत उसाचे पाचट पसरावे. पाणी मे अखेरपर्यंत पुरवावे लागते. ज्यांच्या विहिरी एप्रिलमध्येच तळ गाठतात त्यांनी हे पीक लावू नये, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते. पालवी कमरेच्या वर गेली की ती वाऱ्याने लोळते, त्यासाठी जुन्या द्राक्षबागेतील बांबू आणि तार ओळींच्या दोन्ही बाजूंना लावावी. मृगाच्या आधी गादीवाफ्यांमधील चर साफ करावेत, कारण पाणी साचलेल्या जमिनीत गड्डे कुजतात. पावसाची झड लागली की दर दोन-तीन दिवसांनी काड्यांचा बुंधा तपासावा आणि त्यावर लांबट तपकिरी डाग दिसलेली काडी लगेच कापून शेताबाहेर जाळावी.