घरच्या जिगला केस बांधताना या चुका टाळा

जिग म्हणजे शिशाचं डोकं बसवलेला आणि केसांची शेपटी बांधलेला गळ. मरळ किंवा शिवडा या माशांसाठी घरी जिग बांधणारे शिशाच्या डोक्यावर तासभर घालवतात, केस मात्र हाताला लागतील ते बांधतात. मग हातात टपोरा दिसणारा जिग पाण्यात गेला की ओल्या मिशीसारखा चिकटतो, नाहीतर भोवऱ्यासारखा फिरतो. केस कोरडे बघून निवडले की असंच होतं. मूठभर केस आधी बादलीत बुडवा, दोन मिनिटं भिजू द्या, हलवून बघा आणि मगच ठरवा.

बकटेलचा हट्ट

व्हिडिओंत दिसतं ते बकटेल म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. ते बुडाशी पोकळ असतात, त्यामुळे धागा आवळला की छत्रीसारखे उघडतात. पण त्यासाठी कुणी चितळ-सांबराच्या केसांच्या मागे लागू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार तो गुन्हा आहे, आणि बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात मेलेलं जनावर सापडलं म्हणून त्यातून सुटका होत नाही. मुंगसाच्या केसांनाही तोच नियम.

आपल्याकडे त्या जागी शेळीचे केस घ्यावेत. बहुतेक गावरान शेळ्यांच्या अंगावरचे केस आखूड असतात, जिगला पुरत नाहीत. बोकडाची दाढी, पाठीचा कणा आणि मागच्या मांड्या इथले लांब केस मागा. मागताना शब्द जपून वापरा: निपाणी-चिकोडीकडच्या बऱ्याच गावांत ‘बकरी’ म्हणजे मेंढरं. धनगराकडे बकऱ्याचे केस मागितलेत तर हातात लोकर पडेल. ‘शेरडाचे केस’ म्हणा; धनगर कन्नड बोलणारा असेल तर ‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘कुरी’ म्हणजे मेंढरू.

मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, जिगच्या शेपटीला नाही. ती पाणी पिते, गुंतते आणि चार फेकांत तिचा बोळा होतो. डोक्यामागे भरीव कॉलर हवी असेल तर चिमूटभर चालेल.

पोकळ केसासारखा भरीव केस आवळणं

शेळीचा केस भरीव आणि गुळगुळीत. कितीही आवळा, तो फुलणार नाही. धागा तेवढा तुटेल. शिवाय एकच मोठा झुबका बांधला तर आतले केस एकेक करून निसटतात. त्यावर उपाय असा:

1. गळाच्या दांड्यावर आधी धाग्याचा पूर्ण थर द्या. उघड्या लोखंडावर बांधलेला झुबका गोल फिरतो. धागा पॉलिएस्टरचा घ्या, सुती कुजतो. त्याला मधमाशीचं मेण चोळा. मेणबत्तीचं मेण निसरडं असतं, त्याने पकड येत नाही.
2. केसांचे तीन-चार छोटे झुबके करून दांड्याभोवती एकेक बांधा. पहिले दोन वेढे सैल, तिसरा ओढून. एकाच बाजूला केस जास्त झाले तर जिग तिरका पोहतो.
3. फुलवायचेच असतील तर केसांची टोकं डोक्याकडे करून बांधा, मग मागे दुमडा आणि दुमडीवर पाच-सहा वेढे द्या.
4. बुडखे तिरके कापा. सरळ कापलेल्या पायरीवरून धागा घसरतो.

जास्त केस

ही चूक सगळ्यात जास्त होते. 7 ते 10 ग्रॅमचा जिग आणि 1/0 मापाचा गळ असेल तर सगळे केस मिळून, चिमटीत पिळल्यावर, काडेपेटीच्या दोन काड्यांएवढे जाड पुरतात. 14 ग्रॅमला तीन. त्याहून दाट केस जिगला पाण्यात लटकवून ठेवतात. मासा तळाशी आणि जिग मधल्यामध्ये. लांबीही आवरा: केस गळाच्या वळणापुढे 2 ते 3 सेंटिमीटर, बस्स. त्याहून लांब, मऊ केस फेकताना वळणाला गुंडाळतात.

मिसळताना

मऊ आणि कडक केस सरसकट एकत्र कालवले तर मऊ केसाची हालचाल जाते आणि कडक केसाचा आधारही मिळत नाही. थर करा. आत, गळाच्या वळणाजवळ, म्हशीच्या शेपटीचे दहा-बारा केस. त्याने शेपटी गुंडाळत नाही. त्यावर शेळीचे. नुसते म्हशीचे केस बांधले तर झाडूचा खराटा पाण्यात ओढल्यासारखं दिसतं. पाळीव सशाच्या कातड्याची 3 मिलिमीटर रुंद पट्टी जिवंत अळीसारखी हलते, पण पाणी पिऊन जड होते, म्हणून हलक्या काठीला नको.

दोन रंगांचे केस मिसळायचे असतील तर दोन्ही झुबके एकमेकांवर ठेवा, मधून ओढून वेगळे करा, पुन्हा एकावर एक ठेवा. असं चार-पाच वेळा करा. टोकं अगदी एका रेषेत आणू नका, नाहीतर जिग रंगाऱ्याच्या ब्रशसारखा दिसतो.

चमक म्हणून साडीची जरी लावण्याची हौस बेळगावात विणकरांच्या वडगाव-शहापूरकडे असणारच. पण कृत्रिम जरीत बारीक पट्टी दोऱ्यावर गुंडाळलेली असते आणि भिजून ओढली की ती उलगडते. सजावटीच्या झालरीची सपाट पट्टी बरी. चार ते सहा तुकडे, कमी-जास्त लांबीचे. दहा-बारा झाले की नितळ पाण्यात मासा बिचकतो.

धुणं, विंचरणं, रंग

तुपकट केसांवर धागा घसरतो आणि रंगही धरत नाही. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवा, सावलीत वाळवा. मग उवांच्या फणीने विंचरून मुळाजवळचा मऊ कापूस काढून टाका. तो राहिला तर बांधणी जाड होते आणि डिंक शोषते.

सुती कापडाचा रंग केसांवर नीट टिकत नाही. लोकर-रेशमाचा ॲसिड रंग घ्या. एक लिटर पाणी, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. पाणी वाफाळू द्या, उकळू नका. उकळलं तर केस ठिसूळ होतात. व्हिनेगर केस रंगात टाकल्यावर दहा मिनिटांनी घाला, आधी घातलं तर डाग पडतात. खेळण्यांच्या कापडाची कृत्रिम फर या रंगाने रंगतच नाही.

पावसाळ्यात घटप्रभा, मलप्रभा लाल होतात तेव्हा काळा आणि थोडा दाट जिग उठून दिसतो. हिवाळ्यात हिडकल धरणाच्या नितळ पाण्यात पांढरा-राखाडी, विरळ. मासेमारीची परवानगी मात्र आधी विचारून घ्या, आणि भीमगड अभयारण्यात गळ टाकूच नका.

डिंक आणि साठवण

फेव्हिक्विकचा पातळ थेंब केसांत चढतो आणि बोटभर शेपटी काडीसारखी कडक करतो. धाग्यावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या, दोन्हींत तासभराचं अंतर ठेवून.

न बांधलेल्या केसांना कसर लागते आणि कडुनिंबाच्या पाल्याने ती हटत नाही. पिशवी घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. ओला जिग डबीत बंद केला तर गळ गंजतो आणि केस मुडपतात. मुडपलेले केस किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरले की सरळ होतात. कृत्रिम फर मात्र वाफेजवळ नेऊ नका. ती आक्रसते आणि मग सरळ होत नाही.