जुन्या गाडीचा रंग आणि गंज काढताना: आज जेवढं झाकता येईल तेवढंच उघडा

जुनी गाडी घेऊन कुणीही माझ्या भांडुपच्या गाळ्यात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सगळी सँडब्लास्ट करून टाकू का? एका दिवसात मोकळी होईल." होईल ना, दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा केला की रंग-गंज सगळं उडतं. पण त्या मोकळ्या पत्र्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, कोण मारणार, कधी मारणार आणि तोवर गाडी कुठे उभी राहणार, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. जून-जुलैत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस पूड दिसते. आपल्याकडे जी काही थंडी पडते त्या दिवसांत थोडी सवड मिळते, एवढंच. म्हणून मी पद्धत शेवटाकडून निवडते. दिवसाला दोन दरवाजांना प्रायमर लागणार असेल तर त्या दिवशी दोनच दरवाजे उघडायचे. आख्खी बॉडी एका दमात उघडी करणारी पद्धत ज्याच्याकडे स्प्रे बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, तयार आहे त्याच्यासाठी.

पुढे सांगते ते मुख्यतः पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून निघालेली ही गाडी मुंबईत अजून बऱ्याच जणांनी जपून ठेवली आहे. तिला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे फ्लोअर किंवा दरवाज्याखालची सिल सडली तर गाडीचा कणाच कमजोर होतो. जुन्या जीपचा हिशेब वेगळा, तिला खाली जाड शिडीसारखी चेसिस असते. एकाच गाडीत ०.८ मि.मी.चा पत्रा आणि बोटभर जाडीचा ॲक्सल असे दोन्ही असताना दोघांना एकच इलाज कसा चालेल?

आधी गाडी वाचा

रंगाची जाडी मोजणारं गेज विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. आकडा ३००-४०० आला तर वरून पुन्हा रंग झालाय. हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली काय आहे ते उघडल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. गेज नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खडूने खूण करा. टॅक्सीतून निघालेली गाडी असेल तर पासिंगच्या आधी मारलेले थर एकावर एक बसलेले असतात. अशा गाडीवर नुसता सँडपेपर घेऊन बसलात तर खांदे जातील आणि रंग तिथेच राहील.

मग स्क्रू ड्रायव्हर घ्या. सिलच्या खालच्या बाजूला, जॅक लावतो तिथे, स्टेपनीच्या खड्ड्यात, दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि काचेच्या रबराभोवती टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा कापून नवीन लावायचा आहे. कापायच्या पत्र्याचा रंग काढण्यात कशाला वेळ घालवता?

तिसरी तपासणी थिनरची. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एनसी थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला तर ते एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर आहे. त्यावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मारला तर खालचा थर फुगून सुरकुत्या पडू शकतात, तेव्हा तो काढलेला बरा. पण रंग जागचा हलला नाही, तडे नाहीत, फोड नाहीत, पत्र्याला घट्ट आहे, तर त्याला हात लावू नका. घासून मॅट करा आणि त्याच्यावरच पुढचं काम करा. हे सांगितलं की माझी गिऱ्हाइकं हिरमुसतात. त्यांना चकचकीत नागडा पत्रा बघायचा असतो, फोटोला बरा दिसतो म्हणून.

आणि काहीही सुरू करण्याआधी चेसिस नंबर. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, फोटो काढा, मग जाड टेपच्या दोन थरांनी झाका. ब्लास्टिंगने किंवा ग्राइंडरने पुसट झालेला नंबर आरटीओत उभा राहून समजावून सांगण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. तो बेत असेल तर नंबर आणखी जपा.

बॉनेट, छत, दरवाजे

मोठ्या सपाट पत्र्यांना माझी पहिली पसंती पेंट रिमूव्हर. पत्रा तापत नाही, ताणला जात नाही, आकार तसाच राहतो. आधी ४० किंवा ६० नंबरच्या पेपरने रंगावर ओरखडे काढा, म्हणजे औषध आत शिरतं. ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा. पुन्हा पुन्हा फिरवलात तर वरची साय फुटते आणि औषध उडून जातं. आपल्या उन्हाळ्यात हे फार होतं, कारण जोरदार रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं आणि ते ४० अंशांलाच उकळतं. म्हणून लावल्याबरोबर वर पातळ प्लॅस्टिक अंथरा, काम सकाळी लवकर करा, उन्हात तर मुळीच नको. रंग सुरकुतून उचलला की प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून काढा. तो चिखल लाकडाच्या भुशात गोळा करून डब्यात भरा. गटारात ढकलू नका.

या रसायनाबद्दल थोडं कडक बोलते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे गाडीखाली उतरायच्या पिटमध्ये, तळघरात, बंद गाळ्यात खाली साचून राहते. शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बाजारातला कार्ट्रिजचा मास्क त्याच्यापुढे फार वेळ टिकत नाही आणि पातळ नायट्राइल हातमोजे तर काही मिनिटांत हार मानतात. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्याची किरकोळ विक्री २०१९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मिळतं, म्हणून शटर पूर्ण वर, पंखा पाठीमागून, आणि शक्य असेल तर काम बाहेर मोकळ्यावर. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये कुणी हे करत असेल तर त्याला थांबवा.

पत्र्याच्या कडेपासून आणि जोडापासून दोन बोटं जागा टेप लावून सोडा. जोडात शिरलेलं रिमूव्हर धुऊन निघत नाही आणि महिन्यांनी नव्या रंगाखाली फोड आणतं. ती दोन बोटांची पट्टी हाताने घासायची. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. शेवटी पत्रा धुऊन, पुसून ऑर्बिटल सँडरवर ८० नंबर फिरवा.

ग्राइंडरविषयी आमच्याकडचे डेंटर चाचा एकच वाक्य बोलतात: "ग्राइंडर पोरांच्या हातात देऊ नका." चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. फ्लॅप डिस्क एका जागी टेकवून धरली की पत्रा निळा पडतो, पातळ होतो आणि त्याला पोट येतं. छतासारख्या मोठ्या पत्र्याला आलेलं पोट बसवता बसवता चांगला कारागीर घामाघूम होतो. वायर कप तर गंजाला पॉलिश करून ठेवतो! वरून चकाकतं, पण खड्ड्यात काळे ठिपके तसेच राहतात आणि गुळगुळीत पत्र्यावर प्रायमरला पकड मिळत नाही. शिवाय सुटलेली तार गोळीगत उडते; चष्मा आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही घाला. नायलॉनच्या जाळीदार स्ट्रिप डिस्क मला त्यापेक्षा बऱ्या वाटतात. त्या रंग आणि वरवरचा गंज काढतात, पत्रा फारसा खात नाहीत. त्यांच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते. ग्राइंडरचा वेग तिच्या आत आहे ना, ते बघून घ्या.

जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. तेव्हा कोरडं घासताना पी१०० दर्जाचा मास्क लावा, जमेल तिथे पाणी पेपर वापरा, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. हीट गन रंगासाठी नकोच. ती मी ठेवते खालच्या डांबरी अंडरकोटसाठी: जरा ऊब द्यायची, मऊ झालं की खरवडायचं.

ब्लास्टिंग कुठे द्यावं

व्हील रिम, ॲक्सल, सस्पेन्शनचे आर्म, जीपची चेसिस यांना ब्लास्टिंगसारखा उपाय नाही. खड्ड्याखड्ड्यातला गंज तेच काढतं. पण वसई, रबाळे, तळोजा पट्ट्यातले बरेच ब्लास्टिंगवाले गर्डर आणि टाक्यांची कामं करतात. तोच ७ बारचा दाब आणि तीच जाडी खडी त्यांनी तुमच्या बॉनेटवर मारली तर बॉनेट गेलं. लोकांना वाटतं पत्रा तापून वाकतो. खरं कारण बहुधा वेगळं असतं: कणांच्या माऱ्याने वरची कातडी ठोकली जाऊन पसरते, खालची तशीच राहते, आणि पत्रा फुगतो. म्हणून विचारा: माल कुठला, दाब किती, नोझल कोण धरणार, आणि याआधी पातळ पत्रा केलाय का. गार्नेट या खनिजाचे बारीक कण, कमी दाब, तिरका मारा आणि नोझल सतत हलती ठेवणारा माणूस असेल तर दरवाज्याच्या कडा, बिजागऱ्यांच्या जागा द्यायला हरकत नाही. नदीची वाळू वापरतो म्हणाला तर परत फिरा. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

सोडा ब्लास्टिंग पत्र्याला मऊ असतं, रंग छान काढतं, पण गंज काढत नाही. वर सोड्याची पूड कोपऱ्यात राहिली तर रंग सुटतो.

सिलच्या आत, खांबांच्या पोकळीत, दुहेरी पत्र्यात ब्लास्टिंगही नको आणि ॲसिडही नको. वाळू पुढची काही वर्षं थोडी थोडी गळत राहते, नेमकी स्प्रे चालू असताना. ॲसिड जोडात बसून आतून खात राहतं, त्यामुळे आख्खी बॉडी ॲसिडच्या टाकीत बुडवण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे सुटा गंज ब्रशने आणि हवेने काढायचा, लांब नळीने रस्ट कन्व्हर्टर सोडायचा, आणि रंगकाम संपल्यावर कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. कन्व्हर्टरमधलं टॅनिक ॲसिड गंजाला काळंनिळं करून स्थिर करतं. हिरडा आणि हिराकस घालून जुनी शाई करायचे, तिथेही हीच क्रिया.

सुटे भाग

बिजागऱ्या, ब्रॅकेट, पाने, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेले गंजके भाग हे घरी करता येतात. सायट्रिक ॲसिड लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर भिजत. सकाळी ब्रश, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच कोरडं. किंवा इलेक्ट्रोलिसिस: प्लॅस्टिकचं टब, पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. उणे टोक भागाला, अधिक टोक टाकाऊ सळईला. उलटं लावलंत तर तुमचाच भाग खाल्ला जाईल. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून गच्चीत करा, विडी-सिगारेट लांब. ॲल्युमिनियमचे भाग, कार्ब्युरेटर वगैरे, सोड्यात घालायचे नाहीत.

खूप भाग असतील तर पावडर कोटिंगवाल्याकडे सेव्हन टँक प्रोसेसला द्या. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग सगळं ओळीने होतं. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट मात्र पिशवीतून आधी काढून घ्या; ॲसिडमुळे पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटतात. काकवी किंवा मळीच्या पाण्यातही गंज सुटतो, पण आठवडे लागतात आणि चाळीत वासावरून भांडण ठरलेलं.

पत्रा उघडल्यानंतरचे तास

खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक ॲसिडची जेल लावा, डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा, मग स्वच्छ धुवा. एपॉक्सी प्रायमरला ॲसिडचा अंश चालत नाही. धुण्याला नळाचं पाणी घ्या. उपनगरांत बोअरिंगचं पाणी बरेचदा खारं असतं, आणि खड्ड्यातलं मीठ काढायलाच तर आपण धुतोय. लगेच फडकं, मग गरम हवा. कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी जिथे साचतं ते भांडं, आधी रिकामा करा. यानंतर पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून वर येतात.

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पत्र्यावर बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश वर हवं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर जातो, म्हणजे पावसाळ्यात तेवढं अंतरही उरत नाही. हॅलोजन दिव्याने पत्रा कोमट करून काम होतं, पण आख्खी बॉडी त्या दिवसांत नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरून ठेवा.

वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून त्याच दिवशी टू-पॅक एपॉक्सीचे दोन हात. नुसत्या रेड ऑक्साईडवर भरवसा ठेवू नका, तो ओल आत जाऊ देतो. पुट्टी उघड्या पत्र्यावर भरण्यापेक्षा एपॉक्सीवर भरा, पत्र्यांच्या जोडात भरायचा सीम सीलरही त्याच्यावरच. पुढचा थर किती दिवसांच्या आत द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. ती मुदत टळली तर पुन्हा घासून मॅट करावं लागतं, म्हणून पहिल्या पत्र्यावर तारीख मार्करने लिहून ठेवा.