केळी शोधली की केळकर सापडतात: मराठी ग्रंथालयाचा शोध नव्याने बांधायला बसणाऱ्यांसाठी

मराठी ग्रंथालयाचा कॅटलॉग हातात आला आहे आणि सोबत एक वाक्य मिळालं आहे: ‘सर्च जरा सुधारून द्या.’ या ‘जरा’त सहा महिने जातात. ओपॅक (वाचकांसाठीचा ऑनलाइन कॅटलॉग) म्हणजे काय, मार्क नोंदीत (संगणकीय ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात) २४५ला शीर्षक आणि १००ला लेखक असतो, इंडेक्स (शब्दावरून नोंद गाठायची सूची) कसा बनतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिले पंधरा दिवस फिग्मा (स्क्रीनचे आराखडे काढायचं साधन) उघडू नका. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात स्क्रीन दाखवायची घाई होते, कारण दाखवायला तेवढंच असतं. शोधाची पेटी मोठी केली, कोपरे गोल केले, फिल्टर डावीकडून उजवीकडे नेले, तरी वाचकाला पुस्तक सापडत नसेल तर ती रंगरंगोटीच.

आधी चार आठवड्यांचा शोधांचा लॉग काढा आणि त्याचे दोन ढीग करा. एकात सर्वाधिक वेळा आलेले २०० शोध, दुसऱ्यात कसेही उचललेले ३००. नुसता पहिला ढीग फसवतो. त्यात स्पर्धा परीक्षेची तीच ती पुस्तकं आणि गाजलेले लेखक असतात, आणि ते बहुधा जुन्या शोधातही सापडतात. दुखणं दुसऱ्या ढिगात असतं. हे ५०० शोध हाताने वाचा आणि त्यांचे पाच कप्पे करा: ठरावीक पुस्तक, लेखक, विषय, दाखल क्रमांक किंवा वर्गांक, आणि ‘काय हवंय ते कळत नाही’. दोन दिवसांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, इंटर्नकडे ढकलू नका.

शून्य निकालांचे शोध वेगळे काढालच. त्याहून मोलाचे म्हणजे एकाच माणसाने मिनिटभरात बदलून पुन्हा टाइप केलेले शोध. ‘ज्ञानेश्वरांचे अभंग’, मग ‘ज्ञानेश्वर अभंग’, मग नुसतं ‘अभंग’. तुमची यंत्रणा कुठे अडते ते वाचकाने स्वतःच लिहून दिलेलं असतं. त्यासाठी लॉगमध्ये सत्राचा क्रमांक लागतो. नसेल तर पहिल्याच दिवशी सुरू करून घ्या, पण सभासद क्रमांक शोधाशेजारी साठवू नका. कोण काय वाचतं ही त्याची खासगी बाब आहे.

मग दोन दिवस देवघेव काउंटरच्या मागे बसा, त्यातला एक शनिवारचा संध्याकाळचा. शोध सर्वांत जास्त वापरतो तो काउंटरवरचा कर्मचारी, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. त्याच्या हातात बारकोड स्कॅनर असतो. स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच: आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. तुमच्या नव्या पेटीत पहिली सूचना आपोआप निवडली जात असेल, तर तो एंटर त्या सूचनेवर पडतो आणि भलतंच पुस्तक उघडतं. सूचना बाणाने निवडल्याशिवाय एंटर तिच्यावर लागू होऊ नये, एवढा नियम पुरतो.

आता मुख्य सापळा. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषांचे तयार ॲनालायझर, म्हणजे शब्द कापून-घासून इंडेक्सजोगे करणारे भाग, मिळतात. यादीत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. मग कोणीतरी अनुभवी माणूस सांगतो, ‘हिंदीचा लावून टाक, लिपी एकच आहे, चालून जातं.’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. चालून जातं हे खरंच आहे, आणि धोका त्यातच आहे. एरर येत नाही, निकाल येतात, डेमोत टाळ्याही पडतात.

आत काय होतं ते बघा. हिंदीचा स्टेमर शब्दाच्या शेवटचे ठरावीक तुकडे कापतो, आणि त्यांत ‘कर’ आहे. हिंदीत ते बरोबर आहे, कारण तिथे ‘पढ़कर’, ‘सुनकर’ अशी रूपं असतात. मराठी आडनावात ‘कर’ म्हणजे अमुक गावचा! केळकर कापले जाऊन ‘केळ’ होतात, मंगेशकर ‘मंगेश’. आगरकरांचं तर ‘कर’ जातंच, शिवाय हिंदीचा नॉर्मलायझर (अक्षरं एकसारखी करणारा भाग) ‘आ’चा ‘अ’ करतो, म्हणून इंडेक्समध्ये उरतं ‘अगर’. शेतीवरचं पुस्तक शोधणारा ‘केळी’ टाइप करतो. दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते, मग कापली जाते, उरतं ‘केळ’. झाली जुळणी. लेखकाच्या फील्डला जास्त वजन दिलं असेल, आणि बहुतेक जण देतातच, तर केळकरांची ग्रंथसंपदा वर आणि केळीची लागवड खाली.

गंमत म्हणजे ‘केळीची लागवड’ या शीर्षकातला ‘केळीची’ हा शब्द त्याच स्टेमरमधून ‘केळिच’ होऊन बाहेर पडतो, कारण ‘ची’ हा प्रत्यय त्याला ठाऊकच नाही. म्हणजे नको ते जुळतं आणि हवं ते सुटतं.

चाचणीत हे का पकडलं जात नाही? कारण चाचणी करणारा ‘केळकर’ टाइप करतो. शोधातही ‘केळ’ होतं, इंडेक्समध्येही ‘केळ’च आहे, दोन्ही जुळतात, केळकर सापडतात, खूण पडते. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या की चूक दिसत नाही. ती उलट बाजूनेच दिसते, आणि उलट बाजूने येणारा वाचक तक्रार करत नाही, निघून जातो. म्हणून ॲनालायझर ठरवण्याआधी ॲनालाइझ एपीआयला (शब्दाचं आत काय होतं ते दाखवणाऱ्या सोयीला) पन्नासेक शब्द खाऊ घाला आणि बाहेर काय पडतं ते डोळ्यांनी वाचा. केळी, केळीची, केळकर, दिन, दीन, दर्या, दऱ्या. ऱ्हस्व-दीर्घ एक केल्याने दिन आणि दीन एकच होतात. वाचक वेलांट्या चुकवतात, म्हणून ते कुठेतरी एक व्हायला हवेतच, पण सर्वांत वरच्या वजनाच्या फील्डमध्ये नव्हे.

घाबरू नका, मराठीपुरतं साधं स्टेमिंग स्वतः लिहिता येतं. शंभर-दीडशे ओळींचं काम आहे. लांब प्रत्यय आधी कापा: पासून, पर्यंत, मध्ये, साठी, मग च्या, चा, ची, चे, ला, ना, ने, हून, वर, शेवटी एकटा ‘त’. त्या ‘त’आधी काना, मात्रा, दीर्घ वेलांटी-उकार किंवा अनुस्वार असेल तरच तो कापायचा. घरात, शाळेत, मुलांत कापले जातात. भारत, पंडित वाचतात. मग सामान्यरूप उलटं फिरवा: घरा–घर, शाळे–शाळा, पाण्या–पाणी, उसा–ऊस. दुसरी चाळणी म्हणजे उरलेला शब्द तुमच्याच इंडेक्सच्या शब्दसूचीत असेल तरच कापा. त्यामुळे ‘संगीत’चं ‘संगी’ होत नाही आणि ‘ज्ञानेश्वर’मधला ‘वर’ही शाबूत राहतो. तरी ‘गुजरात’ दोन्ही चाळण्यांतून निसटून ‘गुजर’ होईल, कारण गुजर आडनाव सूचीत असणारच. असे शब्द हाताने राखीव यादीत घाला. ती यादी कधी पुरी होत नाही. चालतं.

स्टेमिंगच्या आधी अक्षरं एकसारखी करावी लागतात. ‘दुसऱ्या’तला ऱ्य दोन प्रकारे साठवलेला सापडतो: नुक्त्याचा ‘ऱ’ (युनिकोड ०९३१) हलन्तासह, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला एकच, संगणकाला वेगळे. आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदला, मगच उरलेले जॉइनर काढा. क्रम चुकला तर दऱ्याखोऱ्यांची पुस्तकं दर्यावर्दींत मिसळतील. ‘ॲ’चंही तसंच: कुठे एकसंध ०९७२, कुठे अ आणि वर अर्धचंद्र. आकडे देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही येतात, ते एका रूपात आणा.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न निराळा. १९६२च्या लेखननियमांनी जुने अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’ छापलेलं आहे आणि तालिकाकाराने ते जसंच्या तसं उतरवलं आहे, ते योग्यच. नोंद दुरुस्त करायला जाऊ नका. इंडेक्सच्या वेळी आधुनिक रूप शेजारी ठेवा. सगळेच अनुस्वार सरसकट उडवले तर ‘अंक’चं ‘अक’ होतं, म्हणून इथेही शब्दांची यादीच लागते.

शीर्षक, लेखक अशा प्रत्येक माहितीची फील्ड तीन ठेवा. फक्त अक्षरं सारखी केलेलं मूळ रूप, वजन १०. स्टेम केलेलं, वजन ३. रोमन लिपीतून आलेल्या शोधासाठी ध्वनीवर आधारलेलं, वजन १. हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या चाचणीवर ते हलतील. ‘शिरवाडकर नाटक’ अशा शोधात एक शब्द लेखकात आणि दुसरा विषयात असतो. त्यासाठी सगळी फील्ड एकत्र ओतलेलं एक फील्ड हवंच, नाहीतर ‘दोन्ही शब्द हवेत’ अशी अट असताना ते एकाच फील्डमध्ये शोधले जातात आणि शून्य निकाल येतो. रोमनमध्ये ‘ज्ञ’ तीन तऱ्हांनी येतो (डीएनवाय, जीवाय, जेएन), आणि व हा व्ही किंवा डब्ल्यू. हे नियम लिहून काढा, साताठ नियमांत बहुतेक भागतं.

शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच, हे मात्र कोणताही ॲनालायझर सांगणार नाही. ते अधिकृत नामसूचीतून, म्हणजे अथॉरिटी नोंदीच्या ४०० फील्डमधून यायला हवं. ग्रंथालयाने ती सूची केली असेल तर तुमचं भाग्य. नसेल तर ग्रंथपालासोबत बसून आधी दोनशे टोपणनावांची सूची करा. ‘व्हेक्टर सर्च (अक्षरांऐवजी अर्थाच्या जवळिकीवरून शोध) लावा, अर्थावरून सगळं सापडतं’ म्हणणारे भेटतील. विषयाच्या शोधाला त्याचा उपयोग आहे, नाकारत नाही. पण दाखल क्रमांक अर्थावरून सापडत नाही, आणि निम्म्या नोंदी जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर अर्थ आणणार कुठून? आधी ते रूपांतर.

सुधारणा झाली की नाही हे मोजायला ८० शोधांची यादी करा. प्रत्येकापुढे पहिल्या दहात यायलाच हवीत अशी पुस्तकं ग्रंथपालाकडून लिहून घ्या, तुम्ही ठरवू नका. प्रत्येक बदलानंतर ती चालवा. एका शोधासाठी केलेला बदल दुसरे पाच बिघडवतो. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, तुम्ही कच्चे आहात असं नाही.

ॲनालायझर बदलला की पुन्हा इंडेक्स करावंच लागतं. नवा इंडेक्स वेगळ्या नावाने बांधा, यादी त्यावर चालवा, मग एलियास (शोध ज्या टोपणनावाने इंडेक्स गाठतो ते नाव) त्याच्याकडे फिरवा. बिघडलं तर तोच एलियास मागे फिरवायला काही क्षण लागतात. चालू इंडेक्सवर प्रयोग नको.

स्क्रीनबद्दल थोडकंच. निकालाच्या ओळीत पुस्तक आत आहे की बाहेर, आणि कोणत्या कपाटात, हे पहिल्या नजरेत दिसावं. प्रगत शोधाचा जुना तक्ता वाचक क्वचितच उघडतात, म्हणून तो काढायचा मोह होईल. संशोधक आणि ग्रंथपाल त्यावरच जगतात, दुव्यामागे का होईना, राहू द्या. मोबाइलवर मराठी टाइप करताना शब्द अर्धवट असतानाच सूचना येऊ नयेत. शब्द बसेपर्यंत थांबा आणि पाव सेकंदाचा विलंब ठेवा.

काम सोपवताना एक गोष्ट लेखी घ्या: दर सोमवारी शून्य निकालांची यादी कोण वाचणार, आणि राखीव शब्द व टोपणनावं कोण वाढवणार. त्या कागदावर एका माणसाचं नाव हवं. ‘ग्रंथालय विभाग’ असं लिहिलं असेल तर सही करू नका.