बेंटले ३ लिटर: नव्या मालकांनो, या चुका टाळा

उत्तम सांभाळलेली गाडी नव्या मालकाकडे जाते आणि पहिल्याच वर्षी आजारी पडते. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचं काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच बसलो. १९२१ ते १९२९ दरम्यान लंडनच्या क्रिकलवूडमध्ये या गाड्या सोळाशेच्या थोड्या वर बनल्या. नवं इंजिन कुठून आणणार?

सगळ्यात वाईट चूक ऑइलची. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं साधं, डिटर्जंट (आतला गाळ सोडवणारं रसायन) नसलेलं ऑइल वापरलं असेल, तर तुम्हीही तेच घाला. एका गृहस्थांनी १९२५ची टूरर, म्हणजे उघडी गाडी, घेतली. गाडी देखणी, इंजिनचा आवाज स्वच्छ. महाग ते चांगलं, असं समजून त्यांनी डिटर्जंट असलेलं आधुनिक मल्टीग्रेड ऑइल भरलं. आत साठलेला गाळ सुटला आणि ऑइलच्या वाटांत जाऊन बसला. तीनशे मैलांत खालून ठकठक सुरू झाली. ऑइलचा दाब उतरलेला दिसत होता, तरी घर जवळ आलंय म्हणून ते आणखी बारा मैल चालवत राहिले. मी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, तर तळाला काळा चिखल आणि त्यात चांदीच्या वर्खासारखे कण. बिग एंड बेअरिंगचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचं, व्हाइट मेटल (मऊ धातूचा थर) निघून गेलं होतं. ते नव्यानं ओतून, घासून बसवेपर्यंत सात महिने गेले. त्या बारा मैलांचा मला आजही राग येतो.

इंजिन शेवटचं कधी उघडलं याचा कागद हाती आल्याशिवाय मी ऑइलचा प्रकार बदलत नाही. शंका वाटली तर चेंबर उतरवतो, ऑइलची जाळी धुतो, आतून फडक्यानं पुसून घेतो. फ्लशिंगची (इंजिन आतून धुणाऱ्या द्रवाची) बाटली ओतून अर्ध्या तासात मोकळं व्हायला बघणाऱ्याला मी या इंजिनाजवळ फिरकू देत नाही.

दुसरी चूक गिअरची. इथे गिअरचे वेग आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश नाही, डबल क्लच मारावाच लागतो, म्हणजे एका गिअर बदलाला क्लच दोनदा दाबायचा: न्यूट्रलला येताना आणि पुढचा गिअर टाकताना. वरचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, खालचा टाकताना न्यूट्रलमध्ये रेस द्या. कर्रकर्र आवाज आला तर दांडा दामटू नका. अॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे आहे, हेही पायाला आधी रिकाम्या मैदानात शिकवा. मी प्रत्येक नव्या मालकाला आठवडाभर मैदानातच चालवायला लावतो. चिडतात, पण गिअरचे दात शाबूत राहतात.

रेडिएटरवरच्या बॅजचा रंग बघून किंमत ठरवू नका. लाल म्हणजे स्पीड मॉडेल खरं, पण बॅज बदलायला कितीसा वेळ लागतो? मी आधी टेप काढतो: स्पीड मॉडेलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११७.५ इंच, लांब चासीचा १३०. मग चासी आणि इंजिनचे नंबर कागदांशी ताडतो. बऱ्याच बंद गाड्यांच्या बॉड्या उतरवून नंतर उघड्या टूरर चढवल्या गेल्या. अशी गाडी वाईट नसते, फक्त मूळ बॉडीची म्हणून विकू नये.

इथे इंग्लंडमध्ये २०२१पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय. जुन्या नळ्यांना ते सोसत नाही, ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भरा.

व्हॉल्व्ह घासायला हेड निघेल असं धरू नका. सिलिंडर आणि हेड एकाच ओतीव तुकड्यात आहेत, अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. घाईचा मेकॅनिक इथेच ओळखू येतो.

आणि इंजिन हातानं सुरू करायला हँडल मारण्याआधी इग्निशन मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती वळवू नका. इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडतं.